कबड्डीपटूंचा गुडघा : अस्थिबंधांच्या इजा आणि त्यांचा प्रतिबंध

आयुर्वेदाची दोन प्रयोजने आपण सर्वांनीच पदवीच्या पहिल्या वर्षी पाठ केलेली असतात. त्यांपैकी रुग्णाचा विकार दूर करण्याचे प्रयोजन आपल्या दवाखान्यात रोज पार पडते. परंतु निरोगी माणसाचे आरोग्य राखण्याचे, क्रमाने पहिले असलेले प्रयोजन बहुधा दिनचर्या व ऋतुचर्या या विषयांवरील व्याख्यानापुरतेच उरते. खेळाडूंच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. खेळाडू आपल्याकडे येतो तो गुडघा सुजल्यावर. तो सुजू नये म्हणून काय करावे, हे विचारण्यासाठी तो येत नाही आणि आपणही त्याला ते आपणहून सांगत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही महाराष्ट्राच्या मातीतील खेळ असलेल्या कबड्डीच्या संदर्भात गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या इजांचा व त्यांच्या प्रतिबंधाचा विचार करणार आहोत.

हा विषय निवडण्यामागे एक अनुभव आहे आणि तो आमच्या यशाचा नाही. काही वर्षांपूर्वी बारावीत शिकणारी एक चढाईपटू मुलगी आमच्याकडे आली. चार दिवसांपूर्वी सामन्यात चढाईहून परतताना मध्यरेषेकडे वळत असता तिच्या गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज झाला, ती खाली बसली आणि त्याच संध्याकाळी गुडघा सुजला. “डॉक्टर, मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता,” हे तिचे वाक्य होते. कुणी धक्का दिला नाही, मार लागला नाही, म्हणजे इजा गंभीर नसावी, असा निष्कर्ष आम्ही काढला. लेप, पुढे अभ्यंग, पत्रपिंड स्वेद, जानुबस्ति व पोटात गुग्गुळकल्प अशी चिकित्सा झाली. तीन आठवड्यांत सूज उतरली, वेदना शमली, मुलगी व्यवस्थित चालू लागली. दीड महिन्याने आम्ही तिला खेळण्यास परवानगी दिली. पहिल्याच सामन्यात गुडघा पुन्हा निसटला. त्यानंतर केलेल्या एमआरआय तपासणीत मुख्य अस्थिबंध पूर्ण तुटलेला आढळला. गुडघ्यातील कूर्चेची गादीही फाटलेली होती. शस्त्रक्रिया झाली, चालणे सुधारले. परंतु ज्या दोन वर्षांत क्रीडा कोट्यातील नोकरीसाठी तिची निवड व्हायची होती, ती दोन वर्षे निघून गेली. तिचे ते वाक्यच निदानाची किल्ली होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

शब्दांचा घोळ

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. व्यवहारातील मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मांसपेशी. सुश्रुताचार्यांच्या शारीरस्थानात मात्र स्नायु म्हणजे बांधणारी रचना होय. मांसपेशी त्याहून वेगळ्या. ज्याला खेळाडू व प्रशिक्षक ‘लिगामेंट’ म्हणतात आणि शालेय पुस्तके ‘अस्थिबंध’ म्हणतात, त्याचा समावेश आपल्या स्नायु या संकल्पनेत होतो. रुग्ण “स्नायू दुखावला” म्हणतो तेव्हा त्याला मांसपेशी अभिप्रेत असते आणि आपणही अनेकदा तेच गृहीत धरून मर्दन व स्वेदन सुरू करतो. दुखावलेली मांसपेशी आणि तुटलेला अस्थिबंध यांचे भवितव्य अगदी भिन्न असल्याने हा घोळ केवळ शब्दांचा राहत नाही. या लेखात आम्ही सर्वत्र ‘अस्थिबंध’ हाच शब्द योजला आहे.

जानुसंधीची रचना

सुश्रुतसंहितेत स्नायूंची संख्या ९०० सांगितली असून त्यांपैकी ६०० शाखांमध्ये आहेत. त्यांचे प्रतानवती, वृत्त, पृथु व सुषिर असे चार प्रकार होत. शाखा व संधी यांतील स्नायु प्रतानवती म्हणजे पसरलेल्या तंतूंचे असतात. तेथे दिलेला नौकेचा दृष्टांत सर्वांना परिचित आहे. अनेक बंधांनी घट्ट बांधलेल्या फळ्यांची नाव पाण्यात भार वाहू शकते, तद्वत स्नायूंनी बांधलेल्या संधींमुळे मनुष्य भार पेलतो. बंध सैल झाले तर फळ्या कितीही मजबूत असल्या तरी नाव टिकत नाही.

जानु हा कोर प्रकारचा, म्हणजे बिजागरीप्रमाणे वाकणारा संधी मानला आहे. शिवाय जंघा व ऊरू यांच्या मिलनस्थानी असलेले जानुमर्म हे तीन अंगुळे प्रमाणाचे, संधिमर्मांपैकी एक व वैकल्यकर वर्गातील आहे. त्याच्या आघाताने खंजता, म्हणजे लंगडेपणा येतो, असे आचार्य सांगतात. प्राणहानी नाही, परंतु कायमचे वैगुण्य, हे वर्गीकरण क्रीडाक्षेत्रात नेमके लागू पडते.

आधुनिक शारीरानुसार गुडघ्याला चार प्रमुख अस्थिबंध आहेत. आतल्या व बाहेरच्या बाजूस एकेक, आणि सांध्याच्या मध्यभागी एकमेकांस छेदणारे पुढचा व मागचा असे दोन. मध्यभागातील पुढचा बंध म्हणजे अँटेरिअर क्रुशिएट लिगामेंट, खेळाडूंच्या तोंडी रुळलेला ‘एसीएल’. नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू न देणे व गुडघ्याचे पिळणे रोखणे हे त्याचे कार्य. त्यात संवेदनाग्रही चेतातंतूही असतात; सांधा कोणत्या स्थितीत आहे याची वार्ता ते मेंदूस देतात. म्हणून हा बंध तुटला की आधाराबरोबर सांध्याची जाणीवही उणावते. आतल्या बाजूचा बंध पुष्कळदा शस्त्रक्रियेविना भरून येतो. एसीएल मात्र सांध्याच्या पोकळीत असल्याने पूर्ण तुटल्यावर त्याची टोके सहसा पूर्ववत जुळत नाहीत. या एका कारणासाठीच प्रतिबंधाचे महत्त्व चिकित्सेहून अधिक आहे.

इजा कशी होते?

सर्वसाधारण समज असा की अंगावर कुणी पडले, पकडीत पाय मुरगळला, तरच अस्थिबंध तुटतो. वस्तुस्थिती निराळी आहे. दिशा बदलण्याच्या व उड्यांच्या खेळांत एसीएलच्या सुमारे दोन तृतीयांश किंवा अधिक इजा गुडघ्यावर थेट आघात न होता घडतात. धावता धावता एकदम थांबणे, रोवलेल्या एका पायावर अंग वळवणे आणि उडीनंतर एका पायावर उतरणे, हे त्यांचे तीन नित्याचे प्रसंग. या वेळी गुडघा जवळजवळ सरळ असतो, तो आतल्या बाजूस कोसळतो, पाऊल जमिनीला खिळलेले असते आणि धड दुसऱ्या दिशेला वळलेले असते. पाय टेकल्यापासून बंध तुटेपर्यंतचा काळ सेकंदाच्या विसाव्या भागाइतका अल्प असतो. इतक्या वेळात विचार करून पाय सावरणे मनुष्यास शक्य नाही. पाय योग्य पडण्याची सवय आधीच अंगात मुरलेली असावी लागते.

कबड्डीत हे तिन्ही प्रसंग पदोपदी येतात. चढाईपटू निदान रेषा किंवा बोनस रेषा गाठून क्षणात उलट फिरतो. साखळीवरून उडी घेऊन एका पायावर उतरतो. लाथ मारताना संपूर्ण भार दुसऱ्या पायावर देतो. याखेरीज प्रत्यक्ष आघाताने होणाऱ्या इजा आहेतच. कोपरारक्षकाने घोटा धरून ठेवला असताना चढाईपटूने अंग पिळून निसटण्याचा प्रयत्न करणे, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बचावपटूने बाहेरच्या बाजूने गुडघ्यावर अंग टाकणे, हा सर्वांत घातक योग होय.

मैदानाचा प्रश्नही येथे विचारात घ्यावा लागतो. कबड्डी १९९० सालच्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून दाखल झाली, २०१० साली ग्वांगझू येथे महिलांची कबड्डी आली आणि २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. या प्रवासात खेळ मातीवरून मॅटवर गेला. आपल्या गावोगावच्या मंडळांची मुले मात्र आजही पुष्कळ ठिकाणी अनवाणी मातीवर सराव करतात व मोठ्या स्पर्धेत बूट घालून मॅटवर उतरतात. मातीवर वळताना पाऊल किंचित सरकते व पिळाचा जोर ओसरतो. मॅटवर बुटाचा तळवा पकडून राहतो आणि तोच पिळ गुडघ्यात चढतो. नॉर्वेतील हँडबॉलपटूंच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लाकडी जमिनीपेक्षा अधिक घर्षणाच्या कृत्रिम पृष्ठभागावर महिला खेळाडूंमध्ये या इजा जास्त आढळल्या होत्या. हँडबॉल हा निराळा खेळ असला तरी वळण्याची क्रिया तीच आहे.

मुलींच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. फुटबॉल व बास्केटबॉल यांसारख्या खेळांत मुलींमध्ये एसीएलच्या इजेचे प्रमाण मुलांच्या दुप्पट ते तिप्पट, काही पाहण्यांत त्याहूनही अधिक आढळले आहे आणि पौगंडावस्थेनंतरची काही वर्षे सर्वांत जोखमीची असतात. उतरताना गुडघा आत वळण्याची प्रवृत्ती, नितंब व मांडीच्या मागील पेशींचे अपुरे बल, तसेच मुलींना मुलांइतके पद्धतशीर बलसंवर्धन न मिळणे, ही त्यामागील काही कारणे. यांतील बहुतेक गोष्टी शिकवून बदलता येतात. म्हणून “मुलींनी खेळू नये” असा सल्ला देणे हा वैद्याचा आळस ठरेल. त्यांना नीट उतरायला शिकवावे, हाच योग्य सल्ला होय.

आयुर्वेदीय हेतुविचार

धक्का न लागता झालेली ही इजा आगंतु म्हणावी की निज? आम्हाला याचे उत्तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात सापडते. तेथे वाणी, मन व शरीर यांच्या कर्मांचा अतियोग, अयोग व मिथ्यायोग वर्णिला आहे. शारीरिक कर्माच्या मिथ्यायोगात विषम रीतीने अडखळणे, विषम रीतीने पडणे आणि अवयव विषम स्थितीत ठेवणे यांची गणना केली आहे. वळताना गुडघा आत कोसळणे याचे याहून चपखल वर्णन आम्हाला सुचत नाही. हेतू ‘विषम अंगस्थिती’ हा असेल तर निदानपरिवर्जन म्हणजे अंगस्थिती सम करणे, हे ओघानेच आले.

या हेतुविचारातून एक अप्रिय निष्कर्षही निघतो. सामन्यापूर्वी गुडघ्याला तेल चोळणे, नी-कॅप चढवणे किंवा वातशामक गोळ्या घेणे, यांपैकी कशानेही विषम अंगस्थिती सम होत नाही. अभ्यंगाचे गुण आम्ही नाकारीत नाही. व्यायाम करणाऱ्याच्या अंगाचे पारुष्य व श्रम दूर करण्यात त्याचे स्थान अबाधित आहे, आणि रोज स्वतःच्या हाताने गुडघा चोळणाऱ्या खेळाडूला बारीकशी सूजही लवकर कळते. परंतु त्वचेवर चोळलेले तेल वळणाऱ्या गुडघ्याला दिशा देत नाही. लवचीक नी-कॅपही ऊब व धीर देते. बंध तुटण्याइतका जोर ती अडवू शकत नाही. तो धीर खोटा ठरण्याचा धोका लक्षात ठेवावा.

प्रतिबंध शक्य आहे काय?

याचे उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे. नॉर्वेतील महिला हँडबॉलच्या वरिष्ठ श्रेणींत तोल सांभाळणे व उतरणे यांचा व्यायामक्रम सुरू केला गेला. क्रम नसलेल्या हंगामात एसीएलच्या इजा २९ होत्या, त्या पुढील दोन हंगामांत अनुक्रमे २३ व १७ झाल्या. स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षे वयाच्या ४५६४ मुली फुटबॉलपटूंवर झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्यातून दोनदा १५ मिनिटांच्या व्यायामाने एसीएलच्या इजा ६४ टक्क्यांनी कमी झाल्या. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा ‘फिफा ११+’ हा २० मिनिटांचा क्रमही याच तत्त्वावर बेतलेला आहे. या सर्वांना यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती रोजची १५ ते २० मिनिटे आणि चुकीकडे लक्ष ठेवणारा डोळा.

कबड्डीपटूंसाठी व्यायामक्रम

वरील तत्त्वांवर आधारित, आपल्या मंडळांच्या मैदानावर सहज करता येईल असा क्रम पुढे देत आहोत. सरावाच्या आरंभी, आठवड्यातून किमान तीन दिवस तो करावा.

१) अंग तापवणे : मैदानाच्या लांबीने संथ धावणे, आडवे धावणे, मागे धावणे, गुडघे उचलून धावणे, एकूण ३ ते ४ मिनिटे. या वेळी अंग ताणून धरून ठेवण्याचे व्यायाम करू नयेत. ते सरावानंतर करावेत.

२) अर्धबैठका : पावले खांद्याइतकी अंतरावर, टाचा जमिनीवर, नितंब खुर्चीवर बसल्याप्रमाणे मागे. गुडघे पावलांच्या बोटांच्या दिशेतच राहिले पाहिजेत. १० ते १५ वेळा, दोन आवर्तने. जमल्यावर एका पायावर, जोडीदाराचा हात धरून.

३) पुढे पाऊल टाकून वाकणे : लांब पाऊल टाकून पुढचा गुडघा वाकवावा, धड ताठ ठेवावे, गुडघा आत झुकू देऊ नये. प्रत्येक पायाने १० पावले.

४) मांडीच्या मागील पेशींचे बल : गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने घोटे घट्ट धरावेत, आणि धड सरळ ठेवून जितके सावकाश जमेल तितके पुढे झुकावे, शेवटी हातांवर झेलून घ्यावे. आरंभी ३ ते ५ वेळाच; काही आठवड्यांत १० पर्यंत वाढवावे.

५) एका पायावर तोल : गुडघा किंचित वाकवून ३० सेकंद उभे राहावे, जोडीदाराने खांद्याला हलके धक्के द्यावेत. दोन्ही पायांवर दोनदा. वृक्षासनाचा सराव असलेल्यांना हे लवकर साधते. मात्र येथे गुडघा ताठ ठेवायचा नाही.

६) उतरणे : जागेवर उडी मारून दोन्ही पायांवर, नंतर पुढे व बाजूला उडी मारून एका पायावर उतरावे, आणि उतरल्यावर तीन सेकंद स्थिर राहावे. पंजा आधी टेकावा, गुडघा व कंबर वाकलेली असावी. प्रत्येकी ५ ते ८ वेळा.

७) वळणे : निदान रेषेपर्यंत धावत जाऊन परतणे. एकाच पायावर गर्रकन फिरण्याऐवजी वेग आवरताना तीन-चार लहान पावले टाकावीत, कंबर खाली घ्यावी आणि पाऊल, गुडघा व छाती यांनी एकत्र दिशा बदलावी. प्रथम संथ, मग पूर्ण वेगाने, शेवटी समोर बचावपटू उभा करून.

८) धडाची स्थिरता : कोपर व पंजांवर शरीर सरळ धरून ठेवणे, तसेच एका कुशीवर तेच, प्रत्येकी २० ते ३० सेकंद, दोनदा. धड डोलले की गुडघा आत जातो, म्हणून हा व्यायाम गुडघ्याचाच समजावा.

यांतील सहावा व सातवा व्यायाम प्रशिक्षकाने समोर उभे राहून पाहिलाच पाहिजे. पाहण्याची सोपी खूण अशी की गुडघ्याची वाटी पावलाच्या मधल्या बोटांवरून आत सरकता कामा नये. दुसरी खूण कानाची. नीट उतरणाऱ्याच्या पायाचा आवाज होत नाही, धाडकन पाय आपटणारा खेळाडू गुडघ्याने भार झेलत असतो. “आवाज न करता उतर” एवढी एक सूचना लहान मुलांनाही कळते.

आपल्या तालमीतील बैठकांविषयी येथे दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. बैठकांनी मांडीच्या पुढील पेशी पुष्ट होतात, हे उत्तमच. तथापि गुडघा सरळ असताना याच पेशी नडगीला पुढे ओढतात, म्हणजे एसीएलवर ताण आणतात. मागील पेशी तिला मागे खेचून त्या बंधाला साहाय्य करतात. केवळ शेकडो बैठका काढणाऱ्या खेळाडूचा हा समतोल बिघडू शकतो. बैठका सोडण्याचे कारण नाही. चौथ्या व्यायामाची जोड त्यांना अवश्य द्यावी.

बलार्ध, निद्रा व साहित्य

व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, हा नियम आणि कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे, मुखशोष होणे ही बलार्धाची लक्षणे आपण जाणतोच. स्पर्धात्मक खेळाडू हा नियम तंतोतंत पाळू शकणार नाही, हे मान्य करावे लागते. पण त्यातील मर्म उपयोगी आहे. उतरणे व वळणे यांचे शिक्षण बलार्धाच्या आत, म्हणजे शरीर ताजे असतानाच द्यावे. थकलेल्या शरीराला शिकवलेली हालचाल चुकीची मुरते. एकाच दिवशी अनेक सामने खेळवणाऱ्या रात्रीच्या स्पर्धांत शेवटच्या सामन्यासाठी राखीव खेळाडू वापरावेत, असा आग्रह वैद्याने संघव्यवस्थापकाकडे धरावा. निद्रा हा त्रयोपस्तंभांपैकी एक आहे. पुरेशी झोप न घेणाऱ्या किशोरवयीन खेळाडूंत इजा अधिक होतात, हेही आता दिसून आले आहे.

मॅटवरील स्पर्धा असेल तर किमान दोन-तीन आठवडे आधीपासून त्याच बुटांनी मॅटवर सराव करावा. मॅटचे तुकडे एकमेकांत नीट बसलेले आहेत, फट किंवा उंचवटा नाही, हे सामन्यापूर्वी तपासावे; घाम सांडलेली जागा पुसून घ्यावी. मातीचे मैदान पाणी मारून, खडे वेचून समतल करावे. बचावपटूंना गुडघ्याच्या बाहेरील बाजूवर अंग न टाकण्याची आणि चढाईपटूंना घोटा पकडला गेल्यावर उभ्याने अंग न पिळता मध्यरेषेकडे खाली झेपावण्याची सवय लावावी.

इजा झालीच तर

पुढील लक्षणांपैकी एकही असल्यास अस्थिबंध तुटल्याचा संशय धरावा :

१) इजेच्या क्षणी ‘टक्’ असा आवाज किंवा काही तुटल्याची जाणीव.
२) काही तासांतच आलेली मोठी सूज, ही बहुधा सांध्यातील रक्तस्रावाची असते.
३) चार पावलेही भार देऊन टाकता न येणे.
४) गुडघा अडकणे, अथवा चालताना निसटल्यासारखा वाटणे.

अशा खेळाडूला लगेच मैदानाबाहेर घ्यावे व त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा, पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस मर्दन व स्वेदन वर्ज्य समजावे, आणि हाड बसवणाऱ्याकडून गुडघा ओढून घेणे तर सर्वथा टाळावे. यात आयुर्वेदाला सोडचिठ्ठी नाही. भग्नचिकित्सेत सुश्रुताचार्यांनी न्यग्रोधादि गणाच्या थंड काढ्याचे परिषेचन, मंजिष्ठा, यष्टिमधु, रक्तचंदन व शालिपिष्ट यांचा शतधौत घृतातील लेप आणि बंधन हाच क्रम सांगितला आहे. बंध फार सैल बांधला तर संधी स्थिर राहत नाही, फार घट्ट बांधला तर सूज व वेदना वाढते, हेही तेथेच सांगितले आहे. ताज्या आघातावर उष्णोपचार करण्याची घाई ही आपली आहे, शास्त्राची नव्हे.

यानंतर अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे अनिवार्य आहे. शस्त्रक्रिया करावी की केवळ व्यायामाने निभावेल, हे बंधाची अवस्था, वय व खेळ पाहून तेथे ठरेल. सूज उतरणे व वेदना शमणे हे खेळण्यास योग्य झाल्याचे लक्षण नव्हे. शस्त्रक्रियेनंतरही नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांत पुन्हा इजा होण्याचा धोका बराच जास्त असतो. त्यानंतरही दोन्ही पायांचे बल व एका पायावरील उडी जवळजवळ सारखी झाल्यावरच परवानगी द्यावी. या दीर्घ काळात आहार, निद्रा, मनोबल व क्रमाक्रमाने व्यायाम यांची धुरा वैद्य उत्तम रीतीने वाहू शकतो.

वैद्याचे कर्तव्य

आपल्यापैकी बहुतेकांच्या गावात किंवा पेठेत एखादे कबड्डी मंडळ असते. स्पर्धेच्या वेळी आपल्याला प्रथमोपचारासाठी बोलावतात, नारळ देऊन सत्कार करतात आणि आपण मंचावर बसून सामना पाहतो. आमची विनंती एवढीच की हंगाम सुरू होण्यापूर्वी एक महिना आधी त्या मैदानावर जावे. प्रत्येक मुलाला व मुलीला एका पायावर उडी मारून उतरायला सांगावे आणि समोर उभे राहून गुडघे पाहावेत. ज्यांचे गुडघे आत जातात त्यांची नावे प्रशिक्षकाला लिहून द्यावीत, वरील क्रम शिकवावा आणि महिन्याने पुन्हा पाहावे. क्रम बंद पडला की त्याचा लाभही ओसरतो, म्हणून दर हंगामात हे नव्याने करावे लागते.

आम्ही गेले काही हंगाम असे करीत आलो आहोत. पहिल्या वर्षी मुले हसली, प्रशिक्षकांना वेळ वाया जातो असे वाटले. त्यांना पटवण्यासाठी आम्ही श्लोक सांगितले नाहीत. त्या मुलीची हकिगत सांगितली आणि त्यात आमची चूक कोणती हेही सांगितले. सरावाआधीची १५ मिनिटे तेव्हापासून आम्हाला मिळू लागली. तीच १५ मिनिटे व्यवसायबंधू-भगिनींनी आपापल्या गावी मागून घ्यावीत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.